भिंतीवरची पोकळी

"मॅडम, भिंतीवरची ही मोकळी जागा पण भरायची काय?"

शिडीवर उभ्या असलेल्या मोईनने तोंडावरचा मास्क खाली ओढून विचारलं. अंगात पांढरा झगा, हातात बंदुकीसारखं यंत्र, आणि त्याला जोडलेला जाड पाइप माझ्या दारातून बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोपर्यंत गेलेला.

"तीच आधी भरा," मी म्हणाले.

"पलीकडे दुसऱ्याचं घर आहे ना? हा फोम फुगून त्यांच्या बाजूला निघेल थोडा."

"त्यांना विचारलंय मी."

विचारलं होतं, ते खरं होतं. पण कारण मी खोटं सांगितलं होतं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. चंद्रपूरपासून थोड्या अंतरावर एक काचकारखाना होता. तो बंद पडला तेव्हा मालकांनी कामगारांची जोडघरं राहणाऱ्यांनाच विकून टाकली. माझे वडील तिथे हिशेबनीस होते, म्हणून एक घर आमचं झालं. शेजारचं उरकुडेकाकांचं. दोन घरांमध्ये भिंत एक आणि वर छप्पर एक, सिमेंटच्या पत्र्यांचं. भिंत मात्र पत्र्यांपर्यंत गेलेलीच नव्हती. दहा फुटांवर ती संपायची आणि वर माणूस वाकून जाईल एवढी तिकोनी पोकळी राहायची. हवा खेळावी म्हणून तशी बांधणी केली होती म्हणे. हवा किती खेळायची देव जाणे, आवाज मात्र सगळे इकडून तिकडे यायचे.

उरकुडेकाका कारखान्यात भट्टीवर होते. भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची तीस वर्षांची सवय. भट्टी विझली, पण त्यांचा आवाज काही उतरला नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सकाळी पेपर यायचा तो ते मोठ्याने वाचायचे, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. माझी आई होती तोवर ती इकडून हुंकार द्यायची. "अहो, ते गोंडपिपरीचे का गेले?" असं ओट्याशी उभी राहून विचारायची. आई गेली आणि काकांनी तो सगळा प्रपंच माझ्याकडे वळवला.

"वनमालाबाई! उठल्या का जी?"

"उठले, काका."

"चहा झाला?"

"झाला."

"आज काय टाकलं फोडणीला? वास तर वांग्याचा येऊन राहिला."

रोज. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मध्येमध्येही. मी तालुक्याच्या न्यायालयात स्टेनो होते. दिवसभर साक्षी, उलटतपासण्या, लोकांचं रडणं आणि खोटं बोलणं कानांत घेऊन बोटांनी उतरवायचं. घरी आल्यावर मला एकच गोष्ट हवी असायची, की कोणी काही बोलू नये. मी चाळिशी ओलांडलेली एकटी बाई. खोकले तरी पलीकडून विचारणा यायची, "तब्येत बरी नाही काय?" भांडं पडलं तरी, "काय पडलं जी?" आपल्याच घरात मी पाय न वाजवता चालायला शिकले होते.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. न्यायालयातल्या एका वकीलसाहेबांनी घराच्या पत्र्याखाली फोम मारून घेतला, आणि दुपारी पंखा लावून झोपता येतं असं ते सांगत होते. त्यांच्याकडून मोईनचा नंबर घेतला. तो नागपूरहून घर बघायला आला.

"हा नरम फोम आहे, मॅडम, पावासारखा," तो म्हणाला. "आत बारीक बारीक उघडी घरं असतात. गर्मी अडवतोच. पण याची खरी कमाल आवाजात आहे. गाणी रेकॉर्ड करणारे लोक हाच मारून घेतात."

त्याच्या आवाजाच्या गोष्टीने माझा निर्णय झाला. गर्मीची गोष्ट मी काकांना सांगितली.

"काका, वरची फट बंद केली तर दोन्ही घरं थंड राहतील. तुमच्याकडून काही नको मला. फक्त दोन दिवस घर रिकामं ठेवावं लागेल. वास डोळ्यांना आणि छातीला चांगला नसतो."

काकांनी दोन्ही हात जोडले. "माझ्यासाठी पण करता? बाप्पा! आईच्याच वळणावर गेल्या हो तुम्ही."

मी मान खाली घातली आणि आत आले.

फोम मारतानाचं दृश्य बघण्यासारखं होतं. यंत्रातून दुधासारखं पातळ काहीतरी पत्र्यावर पडायचं आणि डोळ्यांदेखत उतू यायचं, फुगायचं, फुगून घट्ट बसायचं. भिंतीवरची ती पोकळी चारपाच फवाऱ्यांत बुजली. तिसऱ्या दिवशी घरी आले. मोईनने माझ्या बाजूने खाली जिप्समचं छत ठोकून दिलं. "हा उघडा ठेवायचा नसतो, आग लवकर धरतो," तो म्हणाला. काकांच्या बाजूला भिंतीवर फोमचा पिवळसर फुगवटा तसाच होता. त्यावर बोर्ड लावायला तो नंतर येणार होता.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती उजेडाने. पलीकडून काही नाही. पेपर नाही, खाकरणं नाही, "उठल्या का जी" नाही. मी चहाचा कप घेऊन पलंगावर बसले आणि स्वतःशीच हसले. रात्री मी गाणं गुणगुणत भाकरी केली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

काका मात्र बावरले. दारात गाठायचे.

"बाई, सकाळी हाक मारली होती. आली नाही काय?"

"नाही, काका. त्या फोममुळे असेल."

"थंड झालं घर, हे खरं. पण बाई, तुम्ही आहात की नाही तेच कळत नाही हो."

"मी कुठे जाणार?" असं म्हणून मी गाडी सुरू करायचे.

मग त्यांनी नवीन मार्ग काढला. घंटी. सकाळी कोथिंबीर द्यायला घंटी, संध्याकाळी पेपरातली बातमी दाखवायला घंटी. मी दार अर्धंच उघडून बोलायला लागले. पुढे एकदोनदा उघडलंच नाही.

तो रविवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आठवडाभर एका खुनाच्या खटल्यात डोकं पिकलं होतं. खिडक्या बंद करून, कूलर लावून मी आडवी झाले होते. झोप नव्हती आली. घंटी वाजली.

मला माहीत होतं कोण आहे ते. मी डोळे मिटून पडून राहिले. पुन्हा वाजली. थोड्या वेळाने दारावर थाप. "बाई! वनमालाबाई!" कूलरच्या घरघरीतून आवाज बारीक आला. मी कूस बदलली आणि उशी कानावर घेतली. आणखी तीनचार थापा, मग बंद. मला हायसं वाटलं. थोड्या वेळाने झोपही लागली. रात्री जेवले, लवकर निजले. एकदाही जाग आली नाही.

सोमवारी सकाळी निघताना काकांच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. उशिरा उठले असतील म्हणून मी निघून गेले. संध्याकाळी सहाला परत आले तर पिशवी तिथेच होती. उन्हाने फुगून फुटलेली. दूध पायरीवर ओघळून वाळलं होतं आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

मी गाडी स्टँडवर लावायचंही विसरले. ती माझ्यामागे आडवी पडली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलर चालू होता. आधी मला उलटं पडलेलं टेबल दिसलं, मग त्याच्या पलीकडे पाय. एक पाय सरळ आणि एक भलतीकडेच वळलेला. काका कूलरच्या बुडाशी कुशीवर पडले होते. टाकीचं पाणी काढायची नळी त्यांनी ओढून तोंडाजवळ घेतली होती. सगळीकडे ओल होती आणि त्या ओलीत पिवळे तुकडे पसरले होते, पावाचा चुरा करावा तसे. उजव्या मुठीत भाजीची सुरी होती.

मी वर बघितलं. भिंतीवरच्या फोममध्ये टोपलीएवढा खड्डा पडला होता. सुरीने कापून कापून, हातांनी ओरबाडून केलेला.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते. माणूस मरायला टेकला आहे हे डोळ्यांना दिसत होतं, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट ही आली की यांना कळलं. मी कशासाठी फोम मारला ते यांना कळलं, आणि रागाच्या भरात हे तो फाडायला चढले. क्षणभर मलाच त्यांचा राग आला.

मग त्यांचे डोळे उघडले. ओठ फाटले होते. आवाज असा निघाला की मला तो त्यांचा वाटेना. ज्या माणसाची हाक गल्लीच्या टोकाला जायची, त्याच्या घशातून नुसता वारा येत होता.

"बाई… तुम्ही आहात?"

"मी आहे, काका. वनमाला."

"आहात ना?"

"आहे, आहे. बोलू नका."

ते लहान मुलासारखे रडायला लागले. पाणी नव्हतं डोळ्यांत, फक्त चेहरा वाकडा होत होता.

समोरचे विलास चिताडे माझ्या ओरडण्याने धावत आले. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. काकांना उचलताना जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला, त्याने विलासभाऊही दचकले.

"अहो, पण हे टेबलावर चढले कशाला?" विलासभाऊ मला विचारत होते. "सुरी घेऊन? म्हातारपणी डोकं फिरलं की काय?"



जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड मोडलं आहे आणि अंगातलं पाणी संपत आलं होतं. सत्तावीस तास. कूलरचं पाणी मिळालं नसतं तर रात्रसुद्धा निघाली नसती. वणीहून त्यांची पुतणी संगीता आली. शाळेत शिकवणारी, तिशीतली, काकांवर जीव असलेली. दोन दिवस ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"एवढी माणसं आजूबाजूला, आणि कोणालाच ऐकू नाही आलं?"

मी तिच्यासाठी डबा नेत होते, आळीपाळीने बसत होते. तिसऱ्या दिवशी ती चहाला खाली गेली तेव्हा काका जागे होते. आवाज बसलेलाच होता. मी खुर्ची जवळ ओढली.

"काका, त्या दिवशी तुम्ही वर कशाला चढलात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं.

"तुमच्यासाठी न, बाई."

"माझ्यासाठी?"

"शनिवारी सकाळी नाही दिसल्या, संध्याकाळी नाही. रविवारी घंटी वाजवली. गाडी दारात, चपला दारात, कडी आतून. आवाज दिला, दार ठोकलं. काहीच नाही." ते दमले, थांबले. मी पाणी पाजलं. "पूर्वी भिंतीवरून तुमचं सगळं ऐकू ये. पातेलं ठेवलं की समजे, खोकलल्या की समजे. आता काहीच नाही. म्हटलं, उन्हानं चक्कर येऊन पडल्या असतील. एकटी बाई. आईनं जाताना माझ्या हातात हात देऊन सांगितलं होतं, हिच्याकडे कान ठेवा म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. आईने मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग म्हटलं, थोडं कोरून हाक मारू. नरम आहे तो, सुरीनं निघते. हात आत गेला कोपरापर्यंत, पण तिकडचा उजेड काही दिसेना. अजून जोर लावला, अन् टेबल सरकलं." त्यांनी डोळे मिटले. "पडलो तेव्हाही वाटलं, आपलं राहू द्या, ती तिकडे कशी असेल. रात्रभर हाका मारल्या. तुमच्याच नावानं. कळे ना, की मला वाचवायला हाका मारून राहिलो की तुम्हाला उठवायला."

तीन दिवस मी त्यांच्या रागाची भीती बाळगून बसले होते. तो राग कुठे नव्हताच. त्यांच्या "तुम्ही आहात?" या प्रश्नाचा अर्थ मला आत्ता लागला. ते मला ओळखत नव्हते असं नाही, मी जिवंत आहे का ते विचारत होते.

गप्प बसता आलं असतं. न्यायालयात बावीस वर्षं मी बघितलं होतं, गप्प बसणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला ते बघवेना.

"काका, मी जागी होते."

"कधी?"

"रविवारी. तुम्ही घंटी वाजवली तेव्हा. दार ठोकलं तेव्हा. मी पलंगावर पडले होते. मुद्दाम उठले नाही."

त्यांना नीट कळलं नसावं. ते तसेच बघत राहिले.

"आणि तो फोम… गर्मीसाठी नव्हता मारला. म्हणजे गर्मीसाठीही होता. पण ती वरची जागा मी तुमचा आवाज येऊ नये म्हणून बुजवली."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ रडत होतं. कोणीतरी सलाईनचा स्टँड घासत नेला. काकांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मग मी काहून चढलो?" ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. शाळकरी पोराचं गणित चुकावं आणि त्याने पाटीकडे बघत राहावं, तसे ते वरच्या पंख्याकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो चादरीखाली घेतला.

संगीता दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात देऊन उभ्याउभ्याच तिने विचारलं. तीन दिवस तिने ते आवरून धरलं असणार.

"मावशी, राग मानू नका. पण तुमची भिंत तर एकच. तुम्हाला कसं काहीच ऐकू आलं नाही?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. काका आधी बोलले.

"त्या घरी नव्हत्या. गावाला गेल्या होत्या. सोमवारी आल्या, म्हणून तर मी सापडलो."

संगीताचा चेहरा एकदम सैल झाला. तिने कप खिडकीत ठेवला आणि मी काही करायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. "मावशी, तुम्ही आल्या नसत्या तर…" मी काकांकडे पाहिलं. ते पंख्याकडेच बघत होते.

दवाखान्यातून संगीताने त्यांना थेट वणीला नेलं. घर बंद राहिलं. काका मला वाचवण्यासाठी खोटं बोलले, त्यांनी माझी अब्रू झाकली, असं मी स्वतःला सांगत राहिले. त्यात अपराधीपणा होता तसा थोडा दिलासाही होता. मोठं मन आहे त्यांचं, असं मी मनात घोकत होते. आठ महिने लागले मला, त्यांच्यासमोर जायला.

ते वणीला अंगणात खुर्चीवर बसले होते, शेजारी वॉकर. आवाज पुष्कळसा परत आला होता. त्यांनी माझी चौकशी केली, न्यायालयाची केली, विलासभाऊंच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. संगीता पोहे करायला आत गेली तशी मी म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याचे उपकार मी…"

"तुमच्यासाठी नाही, बाई," त्यांनी मध्येच थांबवलं. "पोरगी तीन दिवस रडत होती. खरं ऐकलं असतं तर जन्मभर रडली असती. मायबाप गेलेली पोर आहे. माणसावरचा तिचा भरवसा मी कशाला मोडू?"

मी न राहवून विचारलं, "आणि मला? मला माफ…?"

काकांनी बराच वेळ विचार केला. खरोखर विचार केला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"करून पाहिलं, बाई. जमत नाही. रात्री कुशीवर वळलो की खुबा दुखते, अन् तुम्ही पलंगावर पडलेल्या दिसता." ते अवघडून हसले, जणू चूक त्यांचीच होती. "जमलं की कळवतो."

पोहे आले. ते मी खाल्ले. संगीताने कुंकू लावून मला बसपर्यंत सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात काका झोपेत गेले. संगीताचा फोन आला. शेवटचे आठ दिवस कसे गेले, काय खाल्लं, कोण कोण भेटून गेलं, सगळं तिने सांगितलं. कोणासाठी काय ठेवलं तेही सांगितलं. ती थांबली तेव्हा मी विचारलं, "संगीता, माझ्यासाठी काही निरोप होता का गं?"

तिने आठवून पाहिलं.

"नाही हो, मावशी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी काही नाही बोलले."